ऐकणाऱ्याचे ओझे कोणी मोजायचे?

समुपदेशन करणाऱ्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न अभ्यासाचा विषय होऊन पन्नास वर्षे झाली. या काळात जमलेले बहुतेक संशोधन अमेरिका आणि युरोपातले आहे. बंद दाराची खोली, ठरलेली वेळ आणि समोर बसलेला एक माणूस, एवढे त्यात धरूनच चाललेले असते. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत यातले काहीच धरून चालता येत नाही. दगडूशेठ गणपतीपासून हाकेच्या अंतरावरच्या गल्ल्यांत समुपदेशन जिन्यावर होते, खाटेच्या कडेवर बसून होते, कुंटणखाना चालवणारी घरवाली कान देऊन असताना होते आणि गिऱ्हाईक आले की अर्ध्यावर सुटते. या क्षेत्रात आज नेमके काय कळलेले आहे, हे तपासायला ही पेठ म्हणूनच चांगली कसोटी आहे.

वेश्यावस्तीबद्दल लिहायचे म्हटले की करुण कहाण्यांकडे वळण्याचा मोह होतो. तशा कहाण्या मराठीत पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. इथे त्या कहाण्या रोज ऐकणाऱ्यांचा विचार करायचा आहे.

चाचणीच्या खोलीतून

पेठेतल्या समुपदेशनाची गोष्ट एचआयव्हीच्या चाचणीपासून सांगावी लागते. भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत आढळली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू झाली. ‘नारी’ने पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांतून केलेले अभ्यास पुढे जगभर उद्धृत झाले. त्यांतला एक १९९७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. दवाखान्यात आलेल्या ९१६ स्त्रियांपैकी ५२५ जणी वेश्याव्यवसायात होत्या किंवा पूर्वी होत्या. त्यांच्यात लागणीचे प्रमाण ४९.९ टक्के होते. उरलेल्या ३९१ जणींत ते १३.६ टक्के निघाले. या दुसऱ्या गटातल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध आलेला नव्हता.

साथरोगतज्ज्ञांनी या आकड्यांवरून साथीची दिशा ओळखली. समुपदेशकाच्या बाजूने पाहिले तर त्यांचा अर्थ असा की, एकाच टेबलाशी बसून सकाळी पेठेतल्या बाईला आणि दुपारी संसारी बाईला तीच बातमी सांगायची होती. दोघींच्या अडचणी मात्र साफ वेगळ्या. सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, तीही सुरुवातीला मोजक्याच ठिकाणी. त्याआधीची दहा-बारा वर्षे, ज्याला औषध विकत घेणे परवडत नाही अशा माणसाला द्यायला समुपदेशकाकडे फक्त शब्द होते.

पेठेतले काम चाचणीच्या खोलीपुरतेही राहिले नाही. विलास चाफेकरांची ‘वंचित विकास’ १९८५ पासूनची. या वस्तीतल्या मुलांसाठी तिने काम उभे केले. १९९८ पासून ‘सहेली संघ’ ही वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची स्वतःची संघटना इथे काम करते आहे. तिकडे सांगलीत ‘संग्राम’ १९९२ पासून आणि तिच्यातून निघालेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ १९९६ पासून आहे. या संघटनांमुळे समुपदेशनाचे स्वरूप बदलले. सल्ला देणारी बाई त्याच गल्लीतली, त्याच धंद्यातली असू लागली. नॅकोच्या कार्यक्रमात तिला ‘पीअर एज्युकेटर’ म्हणतात. गल्लीत नुसते ‘पीअर’ किंवा ‘ताई’. एका पीअरमागे साधारण साठ स्त्रिया, असे नॅकोच्या मार्गदर्शक सूचनांतले गणित आहे.

२०१७ पासून लागण कळताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. त्यानंतर मरणाची बातमी सांगण्याचे काम मागे पडले आणि रोजची गोळी चुकू नये म्हणून पाठपुरावा करण्याचे काम वाढले. समुपदेशकाच्या ताणाचे जुने अभ्यास वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा लागतो. १९९६ मधला ताण आणि आजचा ताण यांना एकाच मापात बसवता येत नाही.

समुपदेशनाचा उपयोग होतो का?

हा प्रश्न आधी घ्यायला हवा, कारण आपल्या कामाने काही फरक पडतो की नाही, यावर करणाऱ्याचे समाधान अवलंबून असते.

याचेही एक जुने उत्तर पुण्यातून आले आहे. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, लागण न झालेल्या दीड हजारांहून अधिक पुरुषांचा पाठपुरावा करणारा अभ्यास १९९८ मध्ये ‘एड्स’ या नियतकालिकात आला. चाचणी आणि समुपदेशनानंतर जे पुरुष पाठपुराव्यात टिकले, त्यांच्यात कंडोमचा वापर वाढला. मात्र समुपदेशन मिळालेच नाही असा तुलनेचा गट त्यात नव्हता, आणि दर काही महिन्यांनी परत येणारा पुरुष मुळातच जास्त सावध असू शकतो. त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे ५,७०० लोकांवरचा ‘रिस्पेक्ट’ हा प्रयोग प्रसिद्ध झाला. नुसत्या माहितीपेक्षा समोरासमोरच्या, दुतर्फा संवादाने गुप्तरोगांचे प्रमाण घटते, असे त्यात दिसले. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, २७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले आणि त्याने गोष्ट गुंतागुंतीची केली. लागण झालेल्यांचे आणि जोडप्यांचे वागणे बदलते. ज्यांची चाचणी निगेटिव्ह येते त्यांच्यात, चाचणी न केलेल्यांच्या तुलनेत, विशेष फरक पडत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच ‘अवेअर’ प्रयोगात झटपट चाचणीच्या वेळच्या समुपदेशनाने गुप्तरोगांत घट झाली नाही असे आढळले, आणि तिथे या खर्चाचीच फेरतपासणी सुरू झाली.

‘रिस्पेक्ट’ आणि ‘अवेअर’ या दोन प्रयोगांतल्या विरोधाची स्पष्टीकरणे बरीच दिली गेली आहेत. मधल्या पंधरा वर्षांत साथ बदलली, औषधे आली, लोकांना माहिती झाली. मला त्यातले एक स्पष्टीकरण पेठेच्या संदर्भात जास्त पटते. कंडोम वापरायचा की नाही हे जिथे बाईच्या एकटीच्या हातात नसते, तिथे तिला एकटीला दिलेल्या सल्ल्याची मर्यादा उघड आहे. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या संघटनांना बळ देणे हाच प्रतिबंधाचा भाग मानावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये केली, ती अशाच अनुभवांवरून. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीचे नाव त्यात नेहमी घेतले जाते. सांगलीचे तितकेच घ्यायला हवे.

मनाच्या आजारांबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे आणि तो शेजारच्या गोव्यातून आलेला आहे. ‘संगाथ’ संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगात २४ आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांबरोबर काम केले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला, खासगी डॉक्टरांकडे तसा फरक दिसला नाही. त्याच संस्थेचा तीव्र नैराश्यासाठीचा सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम २०१७ मध्ये परिणामकारक ठरला. मोठ्या पदवीवाचून हे काम करता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. पण त्यामागे काटेकोर प्रशिक्षण आणि नियमित सुपरव्हिजन, म्हणजे जाणकारांबरोबर आपल्या कामाचा आढावा, होते, हा भाग धोरणकर्ते उद्धृत करताना बहुधा गाळतात.

थकवा मोजण्याची साधने

१९७४ मध्ये न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या स्वयंसेवकांविषयी लिहिताना ‘बर्नआउट’ची कल्पना मांडली. १९८१ मध्ये क्रिस्टीना मॅस्लाख आणि सुझन जॅक्सन यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी तपासतात : भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना. १९९० मध्ये मॅकॅन आणि पर्लमन यांनी वेगळा मुद्दा काढला. अत्याचाराच्या कहाण्या सतत ऐकणाऱ्याची जगाकडे पाहण्याची नजरच बदलते, विश्वास आणि सुरक्षिततेच्या कल्पना हलतात, असे त्यांचे म्हणणे. १९९५ मध्ये चार्ल्स फिग्ली यांनी करुणेतून येणाऱ्या थकव्याची मांडणी केली. या तिन्ही कल्पना एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की, वेगवेगळ्या प्रश्नावल्या वापरलेल्या अभ्यासांची तुलना करणे अवघड होऊन बसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला कामाशी निगडित अवस्था म्हटले, आजार म्हटले नाही.

याच्या उलट बाजूचा अभ्यास मागाहून आला. बोगोटामध्ये राजकीय हिंसाचारातून वाचलेल्यांबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्टांशी बोलून हर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की, समोरच्याची चिवट उभारी पाहून ऐकणाऱ्यालाही बळ मिळते. पेठेतल्या कार्यकर्त्यांशी थोडा वेळ बोललेल्या कोणालाही हे नवे वाटणार नाही.

समुपदेशक थकला तर समोरच्याचे नुकसान होते का? इंग्लंडच्या सरकारी सेवेतले ४९ थेरपिस्ट आणि त्यांचे दोन हजारांहून अधिक रुग्ण यांच्यावरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. ज्या थेरपिस्टांचे मन कामातून उठले होते त्यांच्या रुग्णांना तुलनेने कमी गुण आला होता. समुपदेशकाची काळजी हा सेवेच्या दर्जाचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांना यातून आधार मिळाला. तरी कार्यकारण इथे सिद्ध होत नाही. रुग्णांना गुण येत नाही म्हणून थेरपिस्टाचे मन उठले असण्याचीही शक्यता राहते.

उपाय कोणाच्या हातात?

या ठिकाणी अभ्यासकांत खरे मतभेद आहेत.

एक मत व्यक्तीवर भर देते. समुपदेशकाने स्वतःची काळजी घ्यावी, मर्यादा पाळाव्यात, ध्यान, व्यायाम, छंद यांना वेळ द्यावा. याला अगदीच आधार नाही असे नाही. मानसिक आरोग्य सेवेतल्या कर्मचाऱ्यांवरच्या ३५ वर्षांतल्या उपायांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये झाले. भावनिक थकवा कमी करण्यात व्यक्तीकेंद्री उपाय संस्थात्मक उपायांपेक्षा सरस ठरले. एकूण परिणाम मात्र लहान होता, आणि संस्थात्मक उपायांत प्रशिक्षण सर्वांत उपयोगी दिसले.

दुसरे मत म्हणते की कामाची रचना बदला. कॅनडातल्या बोबर आणि रेगर यांनी २००६ मध्ये २५९ थेरपिस्टांची पाहणी केली. विश्रांती, स्वतःची काळजी, सुपरव्हिजन या गोष्टी उपयोगी आहेत असे थेरपिस्टांना वाटत होते. पण त्यांना दिलेला वेळ आणि प्रत्यक्षातला त्रास यांचा संबंध आढळला नाही. आघात झालेल्या लोकांबरोबर आठवड्याला किती तास घालवावे लागतात, यावर त्रास ठरत होता. मग स्वतःची काळजी घ्या असे सांगण्यापेक्षा हे काम जास्त जणांत वाटून द्या, हा त्यांचा निष्कर्ष. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सेहेचाळीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून विल्यम फ्लेमिंग यांनीही ध्यानवर्ग, लवचिकता-प्रशिक्षण, ॲप यांत भाग घेणारे इतरांपेक्षा बरे नव्हते असे दाखवले. स्वयंसेवी कामाची संधी हा त्याला अपवाद होता. तिथले कर्मचारी सर्व प्रकारच्या नोकऱ्यांतले होते, तेव्हा तो निष्कर्ष समुपदेशकांना जसाच्या तसा लावू नये.

तिसरे मत त्याहून पुढे जाते. समुपदेशकाला थकवणारी गोष्ट पुष्कळदा ऐकलेली कहाणी नसते. त्या कहाणीपुढे आपल्याला काही करता येत नाही, ही असते. बुधवार पेठेत या मताचे वजन कळते. २०२० च्या टाळेबंदीत ‘आशा केअर ट्रस्ट’ने पेठेतल्या ३०० स्त्रियांची पाहणी केली. ८५ टक्के स्त्रियांनी कर्ज काढले होते आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांनी ते घरवाल्या, मॅनेजर किंवा सावकारांकडून घेतले होते. जिचे कर्ज दर आठवड्याला वाढते आहे, तिच्याशी चिंता आटोक्यात ठेवण्याबद्दल काय बोलायचे?

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, आणि शाळेत जाणारी मुले असतील तर आणखी २,५०० रुपये जाहीर केले. मदत मोलाची होती. पण याद्या करण्यासाठी ओळख पटवण्याचा भार नॅकोच्या यंत्रणेवर आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्थांवर आला. काल जिच्याजवळ मन मोकळे केले, तीच आज नाव यादीत घालणार की नाही हे ठरवते, अशी वेळ आली. भूमिकांच्या अशा सरमिसळीतून येणाऱ्या ताणासाठी मॅस्लाखच्या प्रश्नावलीत जागा नाही.

छाप्यांचेही तसेच. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली सोडवून आणलेल्या स्त्रीला सुधारगृहात ठेवले की तिथे समुपदेशन ठरलेलेच. तिने हा व्यवसाय सोडावा हे त्या समुपदेशनाचे उद्दिष्ट असते. ‘सहेली’ किंवा ‘संग्राम’सारख्या संघटनांत उद्दिष्ट वेगळे असते : जिथे आहे तिथे ती सुरक्षित राहावी आणि पुढचा निर्णय तिचा असावा. सुटकेच्या बाजूचे लोक अल्पवयीन मुली, फसवून आणलेल्या मुली यांच्याकडे बोट दाखवतात आणि ते वास्तव नाकारता येत नाही. हक्कांच्या बाजूचे लोक ‘संग्राम’च्या २०१८ च्या छाप्यांवरील अभ्यासाकडे बोट दाखवतात; त्यानुसार सोडवून आणलेल्यांत स्वतःच्या मर्जीने व्यवसायात असल्याचे सांगणाऱ्या सज्ञान स्त्रियांची संख्या मोठी होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांच्या सन्मानाच्या हक्कावर शिक्कामोर्तब केले, तरी हा वाद संपलेला नाही. समोरची स्त्री मागत नाही ते तिच्या गळी उतरवण्याचे काम ज्याला दिले आहे आणि तिने मागितलेले देण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्या दोघांचा थकवा एकच मानावा का, हे संशोधनाने अजून नीट विचारलेलेच नाही.

कायद्यात समुपदेशक कुठे आहे?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा; तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन, संमती आणि गुप्तता त्याने बंधनकारक केली. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत समुपदेशक स्वतंत्रपणे येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ च्या सहाय्यक आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने पहिल्यांदा आजारविषयक समुपदेशक, एचआयव्ही समुपदेशक, कुटुंबनियोजन समुपदेशक यांची नावे घेतली. हे मोठे पाऊल आहे. नोंदणीसाठी शैक्षणिक पात्रता लागणार हे ओघाने आलेच, आणि शाळा न पाहिलेल्या पीअरचे काय, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

सुपरव्हिजनची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. ब्रिटनमध्ये समुपदेशकांच्या मुख्य व्यावसायिक संघटनेच्या सदस्याला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावेच लागते. आपल्याकडे असा सर्वांना लागू होणारा नियम नाही. नॅकोच्या समुपदेशकांसाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘सक्षम’ प्रकल्पाने देशभर प्रशिक्षणाची घडी बसवली होती. पण हे समुपदेशक कंत्राटी आहेत, आणि रजिस्टरे तपासायला येणाऱ्या वरिष्ठाची भेट हीच पुष्कळदा सुपरव्हिजन समजली जाते. गोव्यातल्या प्रयोगात समुपदेशकांनी एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणे ऐकून गुण देण्याची पद्धत वापरली आणि त्यांचे मूल्यमापन तज्ज्ञांच्या मूल्यमापनाशी बऱ्यापैकी जुळले. स्वस्त आणि आपल्या परिस्थितीत जमण्याजोगी अशी ही पद्धत आहे. पेठेत ध्वनिमुद्रण करणे धोक्याचे. पण आठवड्यातून एकदा चार-पाच जणींनी बसून केसबद्दल बोलणे तसे नाही.

काय उरले आहे

सर्वांत मोठी उणीव पीअरच्या अभ्यासाची आहे. भारतातल्या अहवालांत ती कार्यक्रम राबवणारी म्हणून येते, किती जणींपर्यंत पोहोचली याच्या आकड्यात येते; तिच्या स्वतःच्या मनाचा अभ्यास क्वचितच होतो. पगारी समुपदेशक संध्याकाळी कोथरूडला किंवा हडपसरला घरी जातो. पीअरची सुट्टी होत नाही. रात्री दोनला दार वाजते ते तिचेच. अनेक जणींनी स्वतः एचआयव्हीची तीच गोळी रोज घेतलेली असते. तिचे मानधन पगारात मोजले जात नाही. दुसरीकडे, या कामाने तिला गल्लीत मान मिळतो, पोलीस चौकीत बोलण्याची हिंमत येते आणि धंद्याबाहेरची एक ओळख मिळते, हेही खरे. नुसता थकवा मोजणारी साधने हा अर्धा भाग सोडून देतात.

दुसरा प्रश्न भाषेचा. पेठेत मराठी आणि हिंदीबरोबर कानडी, तेलुगू, बंगाली, नेपाळी बोलणाऱ्या स्त्रिया आहेत. इंग्रजीतली प्रश्नावली मराठीत आणून तिची विश्वासार्हता तपासणे शक्य आहे. पण तिसऱ्याच भाषेतले दुःख मोडक्या हिंदीतून ऐकणाऱ्या समुपदेशकाचा ताण त्या प्रश्नावलीत उमटेल का, हे वेगळे तपासावे लागेल. तिसरा प्रश्न काळाचा. बहुतेक अभ्यास एकदाच केलेल्या पाहण्या आहेत, आणि ज्यांनी थकून काम सोडले ते त्यांत नसतातच. नोकरी सोडलेल्यांना शोधून विचारल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही.

२०२२ मध्ये ‘टेली-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन सुरू झाल्यापासून समुपदेशकांची मागणी वाढते आहे, आणि वाढत राहील. पुण्यात विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे, कर्वे समाज सेवा संस्था आहे, भोसरीत पूर्वीची ‘नारी’ आहे. तिन्ही ठिकाणांहून बुधवार पेठ फार लांब नाही. पुढचा अभ्यास जो कोणी हाती घेईल, त्याने प्रश्नावली ठरवण्याआधी पीअर ताईंना बोलवावे, काय मोजायचे ते त्यांच्याकडून ऐकावे आणि त्या वेळेचे पैसे त्यांना द्यावेत.